साक्षीदार टिकाऊ पाहिजे

स्वतःच्या मरणाची तयारी लग्नघराच्या उत्साहानं करणारा माणूस सबंध हिंगोली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो म्हणजे माझे थोरले मामा. गोरेगावच्या बाजारामागं त्यांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधलं होतं. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्याला. मागच्या खोलीत त्यांची विधवा बहीण, म्हणजे माझी मावशी, राहायची. ही दोघं भावंडं दिवसभर भांडायची. चहात साखर जास्त झाली म्हणून अबोला, कमी झाली म्हणूनही अबोला. पण मावशीला साधी शिंक आली की मामा ओसरीवरून ओरडायचे, "चहात सुंठ घातली का? न्हाई? काहून न्हाई?"

गुडघ्यांनी संप पुकारल्यावर मामांनी मला कुलमुखत्यारपत्र करून दिलं. हळद विकायची, बँकेत जायचं, वीजबिलावरून हुज्जत घालायची, सगळीकडं त्यांच्यातर्फे सही माझी. मला वाटलं, आपण मोठे कारभारी झालो. कसलं काय! हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या घाऊक बाजारात, पोचलो रे पोचलो की फोन. "कांडी मोड. तशी न्हाई, फोनजवळ मोड. आवाज येऊ दे." भर मोंढ्यात मी फोनला हळकुंड मोडून ऐकवायचो, हमाल पोट धरून हसायचे, आणि तिकडं ओसरीवर स्पीकर मोठा करून बसलेल्या मामांचा निकाल यायचा, "खणखणीत वाळली हाये. सस्त्यात देऊ नको." सही तेवढी माझी, अक्कल सगळी त्यांची.

एक दिवस म्हणाले, "मुखत्यारपत्र हाये ना तुझ्याकडं? मंग मी गेल्यावर मागची खोली मावशीच्या नावानं करून दे. मिटला विषय." मला शंका आली म्हणून त्यांना सेनगावला वकिलाकडं नेलं. वकील हसले. "काका, तुमचे डोळे मिटले की याचा कागद तिथंच संपला. तुमच्या माघारी चालतं ते मृत्युपत्र. ते नसलं तर घर मुलाचं. मुलगा असताना बहिणीला काही मिळत नाही." मामांचा चेहरा पडला. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, फोनवर एकदा बोलून गेला होता, "पुढं घर विकून टाकू, मावशीचं बघू काहीतरी." त्या 'काहीतरी'नं मामांची झोप उडाली होती. "म्हंजे मी हाये तवर हा कागद, अन् मी नसल्यावर तो? दोन्ही पायजेत?" "दोन्ही," वकील म्हणाले, "आणि मृत्युपत्राला दोन साक्षीदार. उद्या वाद झाला तर त्यांनाच कोर्टात सांगावं लागेल."

झालं! मामा पोरीला स्थळ बघावं तसे साक्षीदार बघायला लागले. निवृत्त पोस्टमास्तर हौसेनं आले, तर त्यांना गच्चीवर चढवलं. वर जाईपर्यंत त्यांना धाप लागली. "हे माझ्याआधी जातेत," असं माझ्या कानात सांगून मामांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी शेजारचे रफिकभाई टेलर आणि जीपवाला सिद्धार्थ यांच्यावर शिक्कामोर्तब झालं. पण रफिकभाई तंबाखू खायचे.

"पहिले तंबाखू सोड, मंग सही."

"मामू, दस्तखत को तंबाकू से क्या लेना?"

"तू टिकला पायजे. माझी बहीण तुझ्या भरवशावर राहणार हाये."

बिचाऱ्यानं कुरकुरत का होईना, सोडली. सही झाल्यावरही सुटका नाही. सिद्धार्थची जीप दारावरून गेली की आतून हाक यायची, "हळू चालव! तू नुसता ड्रायव्हर न्हाईस, साक्षीदार हायेस!"

गेल्या हिवाळ्यात मामा दुपारी ओसरीवर बसल्या बसल्याच गेले. तेरावं झाल्यावर दादा मला म्हणाला, "घराला गिऱ्हाईक आहे. मुखत्यारपत्र आहेच तुझ्याकडं, तूच सही करून टाक." म्हटलं, "दादा, ती मुखत्यारी मामांबरोबरच गेली." मग दोन्ही साक्षीदारांना बोलावून मृत्युपत्र वाचलं. शेत आणि घर दादाचं, पण मागची खोली, न्हाणी आणि अंगणातला नळ मावशीला हयातभर, आणि ती आहे तोवर घर विकायचं नाही. मावशी दारात पदर तोंडाला लावून उभी. दादा हळूच म्हणाला, "बाबांनी हे शुद्धीत केलं होतं का?"

रफिकभाई ताडकन उठले. "शुद्धीत? अरे बेटा, इस एक दस्तखत के वास्ते मेरी तंबाकू छुडाई उन्होंने! आदमी इससे ज्यादा होश में रहता क्या?"

"अन् मला आजबी इथून जीप जोरात नेववत न्हाई," सिद्धार्थ म्हणाला.

दादा आधी हसला आणि हसता हसता रडायलाच लागला. "मावशी, रडू नको. तुझी खोली तुझीच," एवढंच त्याला बोलता आलं. जाताना शेताचं नवं मुखत्यारपत्र त्यानं माझ्याच नावानं केलं.

यंदाची हळद घेऊन मी मोंढ्यात गेलो. ढीग ओतला आणि खिशातला फोन वाजला. नाव मामांचंच दिसत होतं. हळदीनं माखल्या हातानंच उचलला.

"कांडी मोड," मावशी म्हणाली. "फोनजवळ."

मी मोडली.

"मावशी, कशी हाये हळद?"

"मला काय कळतं रं त्यातलं," ती म्हणाली. "पण दरसाली मागच्या खोलीतून हा आवाज ऐकायची. आणखी एक मोड."