तात्यांचा फेटा आणि माझे रंग

रंग कालवायची पाटी रोज घासूनपुसून ठेवायची असते, हा नियम ज्याने काढला तो रंगाच्या दुकानदाराचा सख्खा मेव्हणा असणार, असं माझं आजही मत आहे.

स्टोव्ह दुरुस्त करता करता मी नाशकात स्वतःचं दुकान टाकलं आणि ऐंशी सालाच्या सुमारास गंगापूर रोडला, भोवती द्राक्षांचे मळे होते तेव्हा, घर बांधलं. वास्तुशांतीला कळवणहून सासरे येणार होते. तात्या! हा माणूस लग्नापासून माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायला नव्हता. कारण काय, तर ऐन मुहूर्ताला मी मांडवाबाहेर बँडवाल्याशी घासाघीस करत होतो. (मुहूर्त टळला, हे खरं. पण सनईवाला निम्मा वेळ नुसते गाल फुगवत होता, त्याची पूर्ण बिदागी का द्यायची?)

"ह्या वेळी तरी तात्या जेवून गेले पाहिजेत," बायको म्हणाली. "त्यांचं मोठं चित्र काढून हॉलमध्ये लावू. आणि अहो, फेटा पांढराशुभ्र आला पाहिजे!"

तात्यांचा फेटा इतका पांढरा असायचा, की त्यावर बसायला माशीही कचरायची.

दत्तू पेंटर ट्रकच्या मागे मोर आणि कमळं काढायचा, फोटोवरून माणसंही काढायचा. मी त्याला घासून घासून अर्ध्यावर आणला. मजुरी त्याची, रंग माझे. इथेच घात झाला.

पहिल्याच संध्याकाळी बघतो तर दत्तू रंग कालवायची लाकडी पाटी पत्र्याने खरवडतोय, आणि माझे रंग अंगणातल्या मातीत!

"काय चाललंय रे?"

"पाटी साफ करतो, शेठ. रोज करायला लागते. नाहीतर वाळलेल्या खपल्या उद्याच्या रंगात येतात."

"पाटी तुझी, रंग माझा! खबरदार खरवडशील तर! उरलेला उद्या वापर. घरी उरलेली भाजी फेकून देतोस का?"

"नाही. पण भाजीने सासऱ्याचं नाक काढत नाही."

तोंडाळ माणूस! मी असा पेटलो की शेजारच्या मळ्यातले मजूर काम सोडून कुंपणापाशी आले. शेवटी दत्तूने हात जोडले. "बरं शेठ. तुमचा माल, तुमचा हुकूम."

आणि त्या नालायकाने तो हुकूम तंतोतंत पाळला!

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या नाकावर मस उगवला. तिसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर पुटकुळ्या उठल्या.

"अहो, तात्यांना गोवर आलाय का हो?" बायकोने विचारलं.

"वाळलं की बसेल खाली," मी ठोकून दिलं.

पण पाटीवरचा रंग घट्ट होतोय, हे मलाही दिसत होतं. उपाय माझ्या हातात होता. स्टोव्हवाल्याला रॉकेलचा काय तोटा? दत्तू गेल्यावर पाटीवर बदाबदा रॉकेल ओतलं आणि वर ताट झाकलं.

सकाळी सगळे रंग एकमेकांच्या गळ्यात पडून एकच झाले होते! दत्तूने त्यात बोट बुडवून वास घेतला.

"शेठ, असला रंग मी जन्मात पाहिला नाही."

"मग वापर की! दुसऱ्या कोणाकडे नसेल!"

"आता फक्त फेटा राहिलाय."

पांढऱ्याची कोरी नळी त्याने त्याच पाटीवर पिळली. (धुवायला बंदी होती ना!) दुपारपर्यंत फेटा पावसाळ्यानंतरच्या घाटाच्या पायऱ्यांसारखा शेवाळला. बायको रडायलाच लागली. "तात्या पानावर बसणार नाहीत आता!"

वास्तुशांतीच्या दिवशी मी चित्रावर टॉवेल टाकला. पण गुरुजींना हात पुसायला नेमका तोच टॉवेल हवा होता! समोर चित्र दिसताच त्यांनी मनोभावे हळदकुंकू वाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?"

"अजून इथंच हाय!" मागून तात्या गरजले. "आन माझ्या डोक्यावर हे काय? गवत?"

मी सगळा राग दत्तूवर काढला. तो (जेवायला अगदी वेळेवर हजर!) थंडपणे म्हणाला, "शेठनी पाटी धुऊ दिली नाही. रंग वाया जातो म्हणून."

तात्या माझ्याकडे वळले. "सासऱ्याच्या चित्रातबी?"

"मग? वाया तो वाया!" मी ओरडलो.

बायकोने डोळे मिटून घेतले. तात्यांनी फेटा काढला, खुंटीला अडकवला आणि पाटावर बसले.

"कुसे, पोरी, पान वाढ. इतकी वर्सं मला वाटायचं, ह्यानं माझा पाणउतारा करायला लग्नात भांडण काढलं. आज कळलं. ह्यो गडी देवालाबी सोडायचा नाय!"

बासुंदी त्यांनी मागून मागून खाल्ली. मग हात धुऊन दत्तूला म्हणाले, "आता जावईबापूंचं काढ. मजुरी माझी. पाटी हाय तशीच राहू दे."

फुकट म्हटल्यावर मी लगेच बसलो.

ते चित्र आजही कळवणला तात्यांच्या ओसरीवर आहे. चेहरा मातकट हिरवा, कपाळावर खपल्या, डोळे रॉकेल प्यायल्यासारखे. दत्तूशी भांडून ते मी केव्हाच बदलून घेतलं असतं. पण भांडणार कसा? मला ओळखणारा जो जो ते बघतो, तो म्हणतो, "अगदी हुबेहूब!"