मासेवालीच्या चित्राखालचं नाव

मी चित्रकलेची बाई. निवृत्त झाले तरी रत्नागिरीत मला अजून कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत मी बायकांना चित्रं काढायला बसवते. फी नाही, परीक्षा नाही, आणि ‘मला नाही हो येत’ असं म्हणायची परवानगी नाही.

त्यात काबूलकडच्या तिघी यायला लागल्या. त्यांचे नवरे इकडे कॉलेजात शिकायला आले होते. मागाहून या आल्या, आणि तेवढ्यात तिकडे राज्य उलटलं. आता परत जावं तर जिवाला धोका, इथे राहावं तर व्हिसा संपलेला. आश्रयासाठी दिल्लीत अर्ज केलाय, त्याचं उत्तरच येत नाही. होय नाही, आणि नाही पण नाही. अधूनमधून पोलिसांच्या कचेरीत जायचं आणि ‘अजून इथेच आहोत’ म्हणून सांगून यायचं. माझं तर डोकंच फिरतं. माणसाला असं दारात ताटकळत ठेवतात का कुणी? या म्हणा, नाहीतर जा म्हणा!

यंदा पाऊस सरल्यावर बंदराच्या रस्त्यावरची लांबलचक भिंत रंगवायचं ठरलं. ठरवणारी समिती, आणि तिचा सेक्रेटरी माझाच जुना विद्यार्थी. प्रत्येक गटाला भिंतीचा एक तुकडा आणि चित्राखाली काढणाऱ्याचं नाव, असा नियम. आम्हालाही तुकडा मिळाला, आणि मी तो तिघींतल्या धाकटीला देऊन टाकला. हात तिचाच सगळ्यांत तयार होता.

सगळ्यांना वाटलं, ही डोंगर काढेल, नाहीतर उंट. एकीनं तर फार कळवळून सुचवलं, “तुझं दुःख काढ गो.” हिनं काढली मासेवाली. समोर बांगड्यांची पाटी, हातात कोयती, आणि तोंडावर ‘घ्यायचं तर घे, नाहीतर चालू लाग’ असा भाव. मासेवाली खरीखुरी, इथल्या बाजारातली; तिचं नि हिचं रोजचं भांडण, आणि मासे मात्र हिला तिच्याकडचेच हवेत. मासेवाली स्वतः बघायला आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “नाक मोठं काढलंन मेलीनं!” मग तिथून हलेचना.

शेवटच्या दिवशी सेक्रेटरी आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, चित्र फर्स्ट क्लास. पण खाली तिचं नाव नको. तिच्या कागदांचा घोळ आहे ना, उगाच चौकशा लागायच्या. तुमचं नाव घाला, काम झालं.”

“काम झालं? अरे, तिनं काढलेल्या चित्राखाली मी माझं नाव घालू? शाळेत दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून दाखवायचास, तेव्हा मी तुझा कान धरला होता. अजून पोचतो हं माझा हात तिथवर!”

तो हसला, पण ऐकेना. मी पदर खोचला. समितीच्या एकेकाला गाठून फैलावर घ्यायचं, असं मनाशी ठरवलंसुद्धा. तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. तिचं हिंदी मोडकं, पण बोलली ते लख्ख.

“बाई, तुम्ही भांडाल आणि घरी जाल. पोलिसांकडे मला जायचंय.”

मी खोचलेला पदर सोडला. खरंच होतं ते. राग माझा, आणि तो भोवणार तिच्या अर्जाला. तिचा नवराही म्हणाला, राहू दे, जागा रिकामी ठेवू. बरं, म्हटलं, ठेवा रिकामी. पण माझं नाव तिथे मेले तरी जाणार नाही.

घरी येताना ती म्हणाली, “माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं. अमक्याची मुलगी, एवढंच. आमच्याकडे बाईचं नाव परक्यांसमोर घेत नाहीत. मुलगा झाला तशी मी त्याची आई झाले. माझ्या आईच्या कबरीवरसुद्धा तिचं नाव नाही.” थोडं चालून पुन्हा म्हणाली, “तिकडे लाज म्हणून लपवायचं, इथे भीती म्हणून. मग ते नाव ठेवलं तरी कशाला?”

पोलिसांकडच्या पुढच्या हजेरीला ती आणि नवरा निघाले, तशी मीही सोबत गेले. सह्या झाल्या तरी ती खुर्चीतून उठेना. साहेबांना तिनं सरळ विचारलं, “मी भिंतीवर चित्र काढलंय. खाली नाव लिहिलं तर माझ्या अर्जाला त्रास होईल?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “अर्ज दिल्लीत आहे, तिथलं मी काय सांगू?” ते म्हणाले. “पण भिंतीवर नाव लिहू नये, असं माझ्याकडे कुठे लिहिलेलं नाही.”

तिच्या नवऱ्याला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. खरं सांगते, मलाही नाही. तिला वाटलं.

तिथून ती घरी गेलीच नाही. तडक भिंतीशी गेली आणि लिहिलं, वर तिच्या लिपीत, खाली आमच्या देवनागरीत. समितीनं बोटभर अक्षरं सांगितली होती, हिची चांगली वीतभर. नवरा रस्त्यापलीकडे उभा होता. शेवटी तोही आला आणि त्यानं रंगाचा डबा धरला.

दिल्लीचं उत्तर अजून आलेलं नाही. उद्या ‘निघा’ म्हणून आलं तर त्यांना कुठे जावं लागेल, मला ठाऊक नाही, आणि त्या विचारानं माझा जीव तुटतो. येणारेजाणारे मला विचारतात, कोण हो ती, नाव काय तिचं? मी सांगत नाही, आणि इथेही लिहिणार नाही. तिचं तिनं लिहिलंय. बंदराच्या रस्त्याला जा, आणि मोठ्यानं वाचा.