पिंपळगावच्या भिंतीवरचे कवडसे

अमानवीय वगैरे गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेल्या. नाशिकला अंबडमध्ये माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. जे फिरतं ते बेअरिंगवर फिरतं, एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहितोय...

आमचे सर शिल्पकार. डिझाइन त्यांचं, वेल्डिंग माझं, अशी आमची जुनी जोडी. गेल्या हिवाळ्यात पिंपळगाव बसवंतला द्राक्षवाल्या अण्णांच्या पॅकहाऊससमोर आम्ही स्टीलच्या पानांचं उंच झाड उभं केलं. वाऱ्याने पानं फिरणार आणि उन्हाचे कवडसे समोरच्या पांढऱ्या भिंतीवर नाचणार. पण सरांची नजर झपाट्याने चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "एकदा फिरताना बघू दे, मग गेली तर गेली," म्हणायचे.

झाड उभं केलं त्या दुपारी नेमका वारा पडलेला. सर भिंतीकडे तोंड करून क्रेटवर बसले.

"आज काय फिरत नाय, सर," अण्णा म्हणाले. "झाडाचं पानबी हलंना."

थोड्या वेळाने भिंतीवर कवडसे सरकायला लागले. सावकाश, एकामागून एक. कवडसा जाईल तिकडे सरांचं बोट जात राहिलं — अगदी बरोबर.

"बिनवाऱ्याचं फिरतंय की," अण्णा पुटपुटले.

बेअरिंग इतकं हलकं बसलं की काय, म्हणून मी शिडी लावून वर गेलो. टेम्पोत पानं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मीच बाइंडिंग वायरने ती आवळून बांधली होती. सोडायची राहूनच गेली होती. एकही पान हलत नव्हतं. भिंतीवर मात्र कवडसे चाललेच होते...

गाडीची काच चमकली असेल म्हणावं, तर हायवे पॅकहाऊसच्या मागे. पाखरं हाकलायला बागेत लावलेल्या चमकी पट्ट्याही लुळ्या पडलेल्या.

मी पक्कडीने वायर कापली. तेवढ्यात वाराही सुटला. पानं गरगरली, सगळी भिंत उजेडाने भरून गेली. अण्णा तर टाळ्या वाजवायला लागले.

खालून सरांनी शांतपणे विचारलं, "थांबवलंस का रे?"

त्यानंतर त्यांना काहीच दिसलं नाही. वायरचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते समाधानाने सांगतात, "माझं झाड फिरताना मी बघितलं." आम्ही तिघांनी तेव्हा नक्की काय बघितलं, ते मला आजही कळलेलं नाही.