गौरवीचा डावा गाल

आमची गौरवी बसमध्ये नेहमी डाव्या बाजूच्या खिडकीकडे बसते. ती जागा मिळाली नाही तर बस सोडते आणि दुसरीची वाट बघते. गोव्यातल्या साखळीच्या स्टँडवर तिला अशा दोन-दोन बस सोडताना मी पाहिलं आहे. विचारलं तर म्हणते, वारा लागतो. कसला वारा! डावा गाल खिडकीकडे राहिला की शेजारच्याला फक्त उजवा दिसतो, आणि उजवा त्यातल्या त्यात बरा आहे.

गौरवी माझ्या भावाची, दत्तारामाची मुलगी. पाळी गावात राहते. वय पंचवीस. मोपाच्या विमानतळावर खाण्याच्या एका काउंटरवर कामाला आहे. रंगाने सावळी, म्हणजे चांगलीच सावळी, आमच्या अख्ख्या घराण्यासारखी. तेराव्या वर्षी मुरूम आले ते चार-पाच वर्षं मुक्कामाला राहिले, आणि गेले तेव्हा दोन्ही गालांवर खड्डे नि काळे डाग ठेवून गेले.

तोंडावर खड्डे असलेल्या मुलीला सल्ला द्यायला परवाना लागत नाही, हे मला त्या वर्षांत कळलं. कोणी हळद सांगितली, कोणी मुलतानी माती. एकदा तर सकाळचे पाव देता देता पोदेर कोरफड लावायला सांगून गेला. पोर सगळ्यांना मान हलवायची आणि सगळं लावायची.

मी त्यांच्यातलीच, उलट जास्त शहाणी. साखळीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. 'आधी नीट वाचा, मग लिहा' हे वाक्य इतक्यांदा बोलले असेन की मुलं मागून माझी नक्कल करायची. तीच मी, गौरवी नववीत असताना, औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून एक ट्यूब आणून तिच्या हातात दिली. आठ दिवसांत चेहरा असा स्वच्छ झाला की मी चारचौघांत मिरवले. चार महिन्यांत त्याच्या दुप्पट मुरूम आले, आणि आजचे खोल खड्डे त्याच वेळचे. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, हे आम्हाला दहा वर्षांनी म्हापशाच्या डॉक्टरणीने सांगितलं. मी गौरवीच्या शेजारीच बसले होते.

ही डॉक्टरीण गौरवीने स्वतः शोधून काढली होती. बाई तोंडाने फटकळ, पण सरळ. म्हणाली, "सावळ्या कातडीला जखम झाली की ती काळी पडते. म्हणून घाई करायची नाही. आधी डाग उतरवू, मग बारीक सुयांनी खड्ड्यांवर काम करू, महिन्याला एकदा. वर्ष जाईल. खड्डे निम्मे भरले तरी चांगलं म्हणायचं. आणि उन्हाचं मलम रोज, पावसातसुद्धा."

वर्ष! आणि तेही निम्म्यासाठी! गौरवीचं तोंड तिथेच उतरलं.

म्हणून मग पणजीचं एक चकचकीत क्लिनिक. तिथे लेझर होतं, दोन बैठका, महिन्याभरात काम फत्ते. काउंटरवरच्या मुलीने टॅबवर फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. मी मोजून चौदा चेहरे पाहिले, चौदाच्या चौदा दुधासारखे गोरे. मी म्हटलं, "हिच्या रंगाचा एक तरी दाखव गो." तिने बरंच वर-खाली केलं आणि मग आम्हाला सरबत विचारलं. मला तिथेच उठून यावंसं वाटलं. पण गौरवी त्या फोटोंकडे ज्या नजरेने बघत होती ती मी पाहिली, आणि माझी जीभ उचलेना. ट्यूब आणून देणारी मी, आता नको म्हणायला माझ्याकडे कसला अधिकार?

म्हापशाच्या बाईने एक गोष्ट बजावून ठेवली होती. लेझर करायचंच असेल तर आधी छोट्या जागेवर करून घ्या आणि सहा आठवडे थांबा. तेवढं मी करायला लावलं. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कडेला, केस पडतात त्या जागी त्यांनी ठिपक्याएवढं लेझर मारलं. आता फक्त थांबायचं होतं.

थांबणं आमच्या दत्तारामाच्या रक्तात नाही. जन्मभर खाणीचा ट्रक हाकला त्याने, पुढच्या गाडीला हॉर्न मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तीन आठवडे झाले तसा एका सकाळी अंघोळ करून तो देवळात गेला आणि प्रसाद लावून आला. आमच्याकडे घर बांधायचं असो की विहीर खणायची, देवाला विचारल्याशिवाय होत नाही. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मी त्या आठवड्यात पाळीलाच राहायला होते. दत्ताराम उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवून घरात शिरला.

"देवान उजवी दिल्यान! मी क्लिनिकाक फोन केलो. सोमवारची वेळ घेतली, पुराय तोंडाची."

सहा आठवडे व्हायच्या आत अख्ख्या तोंडाला लेझर! माझं डोकं सणकलं. पण खरं सांगते, गप्पही बसले. मी विज्ञान शिकवलं असेल, पण माझं स्वतःचं लग्न याच उजव्या पाकळीवर ठरलं आणि सुखाचं झालं. डॉक्टरशी भांडता येतं, भावाशी तर रोजच भांडते. देवाशी कशी भांडू? राग आला आणि तो ठेवायला जागा मिळेना. चहाचा पेला हातात धरून मी नुसती धुमसत होते. मग शाळेची सवय कामाला आली.

"दत्ताराम, विचारलंस कितें? शब्दान् शब्द सांग."

"विचारलें, माज्या चेडवाचें तोंड बरें जातलें काय?"

"आनी लेझर?"

"देवाक लेझर कित्याक सांगूंक जाय? देव सगळें जाणां."

"मेल्या, देवान 'बरें जातलें' म्हटलां! सोमवारी म्हणून खंय सांगल्यान? लेझर हें तुजें पदरचें!"

मुलीचं तोंड बरं होईल का, एवढंच विचारून आला होता तो. मी गौरवीकडे वळले. ती दाराला टेकून उभी होती, केस मोकळे, डाव्या कानावरून पुढे घेतलेले. ती कामाला जाताना केस घट्ट बांधते. आठवडाभर ते मोकळे होते आणि मी, नीट बघा म्हणून जन्मभर पोरांवर ओरडणारी, बघितलंच नव्हतं.

मी उठले आणि तिचे केस मागे सारले. ठिपक्याएवढं लेझर मारलेल्या जागी आता अंगठ्याएवढा डाग होता, आजूबाजूच्या सावळ्या रंगावरही उठून दिसणारा, काळाकुट्ट. सोमवारी हेच तिच्या दोन्ही गालांवर होणार होतं. दत्ताराम जवळ आला, वाकून बघितलं आणि खुर्चीत बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ दीस जाले."

"आनी सांगलें ना तुवें? सोमवारी जावपाची आशिल्ली?"

"बाबा तेन्नासावन प्रसाद लावतां म्हणटालो, आज देवाकडे जावन इलो. आनी कितें सांगूं?"

मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडले की तोंड तुझं आहे, बाबाचं नाही, देवाचं नाही, गप्प राहून कोणाचं भलं होतं? ती खाली बघत ऐकत राहिली. माझं संपल्यावर हळूच म्हणाली, "आते, त्या ट्यूबीर बरयलेलें मी तेन्नाच वाचलेलें. डॉक्टराक विचारल्याबगर लावूंक नाका म्हणून बारीक अक्षरांनी आशिल्लें."

"मागीर लायलें कित्याक?"

"तूं इतल्या हौशेन हाडलेली."

म्हापशाच्या त्या दिवसापासून मी स्वतःला समजावत आले की आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. चौदा वर्षांच्या पोरीने वाचलं होतं. माझं मन मोडू नये म्हणून ती रोज रात्री ते तोंडाला फासत राहिली, आणि मी शेजाऱ्यांना तिचा चेहरा दाखवत फिरले. मला रडू आलं आणि स्वतःचा इतका संताप आला की हातातला पेला आपटावासा वाटला.

क्लिनिकला नाही कळवायला मी माझा फोन उचलला, नंबरही काढला. मग तो तिच्या हातात दिला. म्हटलं, तूच सांग.

तिने आधी बापाकडे बघितलं. बाप जमिनीकडे बघत होता. मग माझ्याकडे. मी मुद्दाम मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही. पलीकडून कोणीतरी गोड आवाजात बोलायला लागलं, तारीख पुढची देऊ का, सूट देऊ का. गौरवीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही परत मान हलवणार.

"माका नाका," ती म्हणाली.

पलीकडची बाई काहीतरी विचारत राहिली. गौरवीने तेच पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने. पंचवीस वर्षांत तिच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.