खांबामागचे गफूरचाचा

सारजाबाई तीस वर्षं बालवाडीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि औरंगाबादेत मुकुंदवाडीला दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. माहेर कन्नडजवळच्या खेड्यातलं, बऱ्यापैकी जमीनजुमल्याचं. वडील नानासाहेबांचं भलंमोठं तैलचित्र वाटणीत कुणी मागितलं नाही, म्हणून ते त्यांच्याकडं आलं. खुर्चीत बसलेले नाना, मागं दगडी खांब.

दोन हजार नऊ साली भाचा काकासाहेबानं गावात शाळा बांधली. तिथं लावायचं म्हणून त्यानं ते चित्र जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका प्रयोगशाळेत दिलं. पंधरा दिवसांनी तिथल्या रामकिसननं दोघांना बोलावून घेतलं.

"इन्फ्रारेड कॅमेऱ्याला वरच्या रंगाच्या आतलं दिसतं," म्हणत त्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. खांबाच्या जागी शेरवानीतला एक माणूस उभा होता. त्याचा हात नानांच्या खांद्यावर होता.

"चित्रकाराचा विचार बदलला असंल," काकासाहेब म्हणाला.

रामकिसननं नकारार्थी मान हलवली. खांबावरून त्यानं मोहरीहून लहान अशी रंगाची कपची काढली होती. तिची कापलेली कड त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. "खाली शेरवानीचा निळा. वर वार्निश. त्यावर ही काळी रेघ दिसते ना, ती धूळ आणि धूर. खांबाचा रंग त्याच्याही वर. म्हणजे चित्र पुरं होऊन कैक वर्षं भिंतीवर होतं. खांब नंतर रंगवलाय."

"गफूरचाचा," सारजाबाई म्हणाल्या. आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा निघाला.

गफूरचाचा नानांचे मुनशी आणि लहानपणापासूनचे दोस्त. रझाकारांच्या दिवसांत तीन दिवस ते दारात खाट टाकून बसले आणि आलेल्या टोळीला त्यांनी परत पाठवलं. मग अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि वारं फिरलं; आता मुसलमानांच्या घरांवर टोळ्या जाऊ लागल्या. एका दुपारी चाचा फाटक्या अंगरख्यानं, बगलेत बोचकं घेऊन दारात आले. नाना आतून दबक्या आवाजात म्हणाले, "सारजे, घरात नाय म्हणून सांग."

"बेटी, नाना हैं क्या?"

"नाय. गावाला गेलेत."

तेवढ्यात आत नानांना खोकला आला. चाचांनी तो ऐकला. नऊ वर्षांच्या सारजेच्या डोक्यावर हात ठेवून ते निघून गेले. पुढं दसऱ्याच्या आधी औरंगाबादच्या गुलमंडीतून एक रंगारी आला आणि चित्रात खांब उभा राहिला. कुणी विचारलं नाही, तिनंही नाही.

रामकिसननं पाण्याचा ग्लास पुढं केला. बाईंना रडू येईल असं त्याला वाटलं होतं. त्यांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

"आत्या, हे कुणाला कळून काय उपयोग?" काकासाहेब म्हणाला.

"खांब निघंल का?" त्यांनी रामकिसनला विचारलं.

"निघेल. मधे वार्निश आहे, खालच्या रंगाला धक्का लागणार नाही. पण मालकानं सांगितलं पाहिजे."

"मालक मीच. काढा."

चार महिने लागले. बाई अधूनमधून जाऊन बसत. काडीला कापूस गुंडाळून रामकिसन बोटभर जागा पुसायचा. नानांच्या खांद्यावर एक एक बोट दिसू लागलं. बाई परक्याच्या घरातलं काही बघावं तशा बघत राहत. मधे कन्नडला जाऊन त्यांनी चाचांच्या माणसांची चौकशी केली. एक जण म्हणाला परभणीला गेले, दुसरा म्हणाला हैदराबादला. एका म्हाताऱ्यानं नुसती मान खाली घातली.

काकासाहेबानं शाळेत नुसत्या नानांच्या चेहऱ्याचा छापील फोटो लावला. बाईंना त्याचा रागही आला नाही.

चित्र मुकुंदवाडीच्या भिंतीवर लागलं. शेजारच्या बानाबाईंनी विचारलं, "हे दुसरे कोण वो?" सारजाबाईंनी सगळं सांगितलं, दारातलं खोटं आणि आतला खोकलासुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुमी लहान होत्या," बानाबाई हळूच म्हणाल्या.

"व्हय, तवा होते," सारजाबाई म्हणाल्या. "मग मोठी झाले, तरी गप्पच राहिले."