दुपारी तीनची भीती

हैदराबादेत नल्लकुंट्यापासून नामपल्लीपर्यंत भीती या विषयाचा आमच्या आत्याबाईंइतका अभ्यास केलेलं दुसरं माणूस सापडायचं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. गौलीगुड्यातल्या मुलींच्या एका शाळेत तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर इतर बायका भजनी मंडळात नाव घालतात तिथे यांनी युरोपातले भयपट बघायला सुरुवात केली. शहरातल्या अर्ध्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी. बाजारात समोरासमोर आल्या की त्या बायका अजूनही पदर सावरून उभ्या राहतात, आणि आत्याबाई भाजीवाल्यासमोरच त्यांना विचारतात, "काय गं, यकृत कुठल्या बाजूला?" अशा बाईला भूत काय घाबरवणार? पण आत्याबाईंचं म्हणणं असं, की त्यांना भीती वाटते, चांगली वाटते, आणि ती नीट वाटावी म्हणूनच एवढी मेहनत घ्यावी लागते.

या नादाची सुरुवात चुकीच्या तारखेने झाली. नामपल्लीतल्या एका सभागृहात मधमाश्यांवरचा सरकारी माहितीपट आहे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आत्याबाई वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. माहितीपट आदल्या दिवशीच होऊन गेला होता आणि आज युरोपातल्या कुठल्याशा थंड देशाचा भयपट होता. योगायोग असा, की त्यातलं कुटुंबही मधमाश्याच पाळत होतं. पहिला तासभर पेट्या, कुरण, धुकं आणि गप्प बसलेली माणसं, एवढंच. आत्याबाईंनी दोन पानं टिपणं काढली. मग त्या घरातली आजी पेट्यांच्या खोलीत गेली आणि बाहेर आलीच नाही. घरातलं कोणी तिला शोधायलाही गेलं नाही, उलट सगळ्यांनी जेवायला घेतलं. "तेव्हा मला शंका आली," आत्याबाई सांगतात, "की हे शासकीय नसावं." पण कार्यक्रम अर्ध्यात सोडून उठणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. शेवटपर्यंत बसल्या, घरी आल्या आणि दोन दिवस मधाच्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी भाच्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन करून म्हणाल्या, "तसलंच अजून काही मिळतं का बघ."

ही चव जन्मजात नसते, ती लावून घ्यावी लागते, असा त्यांचा सिद्धांत आहे. दाखल्याला अंबाडीची चटणी ठेवलेलीच. "पहिल्या घासाला कोणी म्हणतं का छान आहे म्हणून? दात आंबतात, तोंड वाकडं होतं. दहाव्या दिवशी मात्र तिच्याशिवाय भात जात नाही." आपल्याकडच्या भुतांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. आपलं भूत म्हणजे त्यांच्या मते गडबडीतला पाहुणा. अंगणात पाऊल ठेवत नाही तोच केस सोडून, पैंजण वाजवून सगळ्या गल्लीला कळवतं. तिकडचं भूत येतच नाही. घरातली माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात, चमचा खाली ठेवल्याचा आवाज होतो, आणि आपल्याला वाटतं, आता काहीतरी वाईट होणार. "ते होत नाही," त्या म्हणतात, "पण आपलं तर घाबरून झालेलं असतं ना." माझ्या नवऱ्याने एकदा हिंमत करून म्हटलं, "आत्या, ही चव नाही, ही सजा आहे." त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तू पहिल्यांदा कारलं खाल्लंस तेव्हा काय म्हणाला होतास, सांगू?" आणि सांगितलंही, माझ्या देखत.

बघायचेही नियम होते. वेळ दुपारी तीनची, खिडक्या सताड उघड्या, पंखा चालू. अंधार करून घाबरणं म्हणजे त्यांना परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटे. "उजेडात भीती वाटली तर ती खरी." चहा, उस्मानिया बिस्किटं आणि मांडीवर निवडायची भाजी. पडद्यावर कोणी तळघराच्या पायऱ्या उतरत असताना आत्याबाईंच्या बोटांखाली वालाच्या शेंगा टकाटक मोडत असायच्या. शेंग थांबली की समजावं, सिनेमा जमला. प्रत्येक सिनेमाला लाल शाईने गुण मिळत आणि शेजारी शेरा: 'भूत अनियमित. आईचं काम उत्तम. चौथ्या खोलीतलं रक्त जास्त आहे, एका माणसात एवढं मावत नाही.' त्यांच्यातली शिक्षिका कधीच घाबरत नसे. एकदा मी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं आणि कोणीतरी सहज विचारलं, "आत्याबाई, सध्या वेळ कसा जातो?" आत्याबाईंनी नुकताच बघितलेला सिनेमा सांगायला घेतला. प्रेत तिसऱ्या दिवशी खरं कसं दिसतं आणि दिग्दर्शकाने कुठे चूक केली, इथपर्यंत आल्या तोवर माझ्या घरात तिळगुळाच्या ताटलीचा आवाजसुद्धा येईना. दोघी जणी वाण न घेताच गेल्या. आत्याबाईंना मात्र कार्यक्रम छान झाला असं वाटलं. "बायका किती लक्ष देऊन ऐकत होत्या," असं त्या बरेच दिवस सांगत होत्या.

मी स्वतः दोनदा त्यांच्याकडे बसले होते आणि दोन्ही वेळा पडद्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडरच जास्त बघून आले होते. ही चव मला कधी लागेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

मग दसऱ्यानंतर माझ्या माहेरी, परभणीला, आई गेली. चालती-बोलती होती, दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. तेरावं करून मी हैदराबादला परत आले आणि माझं बोलणंच बंद झालं. तोंडातून शब्द फुटत नव्हता असं नाही. दूध आलं, कुकर लाव, इतपत मी बोलत होते. पण त्यापलीकडचं काही यायचं नाही. रडूही येत नव्हतं. लोक भेटायला येत, 'भाग्याचं मरण आलं' म्हणत, मी मान हलवून चहा ठेवत असे. नवरा परेशान झाला होता. मी ऑफिसातून मोठी रजा घेतली होती आणि दिवसभर त्याच त्या कपाटाच्या घड्या मोडून परत घालत होते.

आत्याबाई आल्या त्या सांत्वनाला आल्यासारख्या आल्याच नाहीत. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला सिनेमातली खालची अक्षरं दिसेनाशी झालीत. मोतीबिंदू आहे म्हणतात. त्यात या लोकांकडे बारा महिने बर्फ. पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं. उद्या तीनला ये आणि मला वाचून दाखव. मराठीत सांग, इंग्रजी ऐकायला मला कंटाळा येतो."

नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढंही मला बोलायचं नव्हतं, म्हणून मी गेले. आमच्या विद्यानगरहून त्यांचं घर चालत दहा मिनिटं. पहिले काही दिवस मी नुसती यंत्रासारखी वाचत होते. "दार लाव." "कोण आहे?" "कोणी नाही." आत्याबाई शेंगा मोडत ऐकत. मध्येच म्हणत, "जरा जीव घालून सांग. त्या बाईचा नवरा विहिरीत आहे आणि तू गॅसचा नंबर लावल्यासारखी बोलतेस." मग मी थोडा आवाज चढवू लागले. म्हाताऱ्या पाद्र्याला म्हाताऱ्याचा, लहान मुलीला लहान मुलीचा. दिवसाकाठी दीड-दोन तास मी दुसऱ्यांची वाक्यं बोलत होते, आणि नवऱ्याच्या लक्षात आलं की संध्याकाळी घरी येऊन मी एखादं वाक्य स्वतःचंही बोलते.

साधारण तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सिनेमा शंभरेक वर्षांपूर्वीच्या काळातला होता, कंदील आणि घोडागाड्यांचा. एक बाई आपल्या मेलेल्या आईचं घर आवरायला बेटावर येते. रिकाम्या स्वयंपाकघरात बसते आणि समोरच्या खुर्चीकडे बघून बोलायला लागते. मी वाचत होते. "तुझ्या किल्ल्या सापडल्या नाहीत." "कोंबड्या शेजारणीला दिल्या." मग ती म्हणाली, "तू हाक मारलीस, ती मला ऐकू आली होती." एवढं वाचून मी थांबले. पडद्यावर अक्षरं येत होती, जात होती.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. शेंग मोडत म्हणाल्या, "पुढे काय म्हणते?"

मी म्हणाले, "म्हणते, मी मीटिंगमध्ये होते."

"बरं. मग?"

"मग तिने फोन कट केला. संध्याकाळी करू म्हणून. दुपारी साडेबाराची गोष्ट. चार वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला."

त्या काळात तिकडच्या बेटावर फोन नव्हते आणि मीटिंगाही नव्हत्या, हे आत्याबाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या फक्त म्हणाल्या, "हे तिने कोणाला सांगितलं होतं?"

"नाही. नवऱ्यालाही नाही."

"आईने फोन कशाला केला होता?"

"तेच तर कळत नाही, आत्याबाई. काही होत असेल म्हणून केला असेल. आता कधीच कळणार नाही."

त्यांनी मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. "रोज कशाला करायच्या?"

"काही नाही. काय भाजी केलीस, ते विचारायला."

"किती वाजता?"

"जेवायच्या आधी. बारा-साडेबाराला."

"मग त्या दिवशीही भाजीच विचारायची असेल," आत्याबाई म्हणाल्या.

इतकं साधं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं, कारण मी प्रश्नच कोणाला विचारला नव्हता. मी रडायला लागले ती थांबेचना. आत्याबाईंनी पाठीवरून हात फिरवला नाही, पाणी आणलं नाही, टीव्हीही बंद केला नाही. समोर ती बाई आपल्या भाषेत बोलत होती आणि खिडकीतून भर दुपारचं ऊन पडद्यावरच्या तिच्या बर्फावर पडलं होतं. सिनेमा संपला तेव्हा आत्याबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आज चहा तू कर. माझा फिक्का होतो." त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं.

पुढे मी ऑफिसात जायला लागले. मग शनिवार-रविवार आत्याबाईंकडे. एका रविवारी जाऊन बघते तो त्यांच्या उजव्या हाताला पट्टी. चिमटा समजून त्यांनी तापलेल्या कढईचा कान धरला होता. म्हणाल्या, "नक्को गं, काही नाही, कातडीचा वरचा थर आहे, परत येतो." मी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या सिस्टर कागद बघून माझ्यावरच चिडल्या. "अम्मा तीन बार आपरेशन की तारीख बदलाए. पूछे तो बोलते, घर में बच्ची की तबियत ठीक नै. कैसी है अब बच्ची?"

मी त्रेचाळीस वर्षांची, हातात आत्याबाईंची पिशवी घेऊन उभी. म्हणाले, "अच्छी है."

आत्याबाई भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत होत्या. त्यांना बहुधा काही दिसत नव्हतं. मला म्हणाल्या, "हे चित्र चुकलंय. नस इतकी जाड नसते."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. नव्या डोळ्यांनी आत्याबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर मी वाचून दाखवलेले सगळे सिनेमे परत लावले. आठवड्यात माझ्यावर आरोपपत्र तयार. मी घाईत निम्मी वाक्यं गाळली होती आणि उरलेल्यांत मनाचं घातलं होतं. "त्या पाद्र्याला तू 'होय जी' म्हणायला लावलंस. तो डॉक्टर 'जेवून जा' म्हणतच नाही, 'निघून जा' म्हणतो. सगळ्या सिनेमाचा अर्थ बदलला. मला वाटत होतं तो किती सज्जन आहे." मी माफी मागितली. मग न राहवून विचारलं, "आणि तो बेटावरचा?"

"तो नाही लावला," आत्याबाई म्हणाल्या. "ती बाई तिथे दुसरंच काहीतरी बोलत असेल. कशाला उगाच."

मला तेव्हा त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. तारखांबद्दल, भाजलेल्या हाताबद्दल. पण पडद्यावर कोणीतरी जिन्यावरून खाली येत होतं आणि त्यांनी मला हाताने गप्प केलं. नंतर पुन्हा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. आत्याबाईंनी ऐंशी ओलांडली. शनिवारी मी अजून जाते, आणि खरं सांगायचं तर मला आता ते सिनेमे आवडतात. वाचून दाखवायची गरज उरलेली नाही. आताशा मात्र आत्याबाईच मध्ये मध्ये मला वाचून दाखवतात, शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत. मला अक्षरं दिसत असतात, तरी मी ऐकून घेते. त्यांचा आवाज अलीकडे बारीक झालाय. लांब वाक्य आलं की मध्ये दम घ्यायला थांबतात, तेवढ्यात पडद्यावर दुसरं येतं आणि पहिलं अर्धंच राहतं. उरलेलं मी मनातल्या मनात वाचते आणि त्यांच्या पुढच्या वाक्याची वाट बघते.