नील्सच्या नावानं आंघोळ

डॉ. उल्का ब्रेक्के यांच्या नवऱ्याची राख मँचेस्टरच्या दक्षिण टोकाला, दाहगृहामागच्या गुलाबांच्या वाफ्यात मिसळलेली आहे. नेमक्या कुठल्या वाफ्यात, ते तिथला माळीही आता सांगू शकत नाही. दर वसंतात माती खणतात, खत घालतात, वरखाली करतात. उल्काताईंना ती राख परत हवी आहे. ती मिळणार नाही हे त्यांना कळतं. तरी त्या माळ्याला एकदा विचारून आल्या.

उल्काताई सत्तरीच्या आहेत, मूळच्या मिरजेच्या. १९८० साली इथे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत सरकारी रुग्णालयांत लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. केन ब्रेक्के तेव्हा बस चालवायचा. पुढे ट्राम आल्यावर ट्राम. एकदा ड्यूटी संपवून परतताना उल्काताई त्याच्या बसमध्ये झोपल्या आणि डेपोत पोचल्या. "इथून पुढे बस जात नाही, डॉक्टर. माझं घर मात्र जवळ आहे," असं तो म्हणाला, असं त्या सांगतात. केनच्या मते तो फक्त पहिलं वाक्य म्हणाला होता.

लग्न १९८४ साली झालं. आठवड्याभराने मिरजेहून भावाचा, उदयचा, फोन आला. "अप्पांनी तुझ्या नावानं आंघोळ केली. आता इकडे फोन करू नकोस." घरातलं माणूस गेल्यावर करतात ती आंघोळ, जिवंत मुलीसाठी. वडील आणखी पंधरा वर्षं जगले. उल्काताई मिरजेला गेल्या नाहीत.

केनला हे सगळं माहीत होतं. "तुझे लोक आंघोळ करतात, माझे लोक बोटीत बसतात," असं तो म्हणायचा.

त्याचे लोक नॉर्वेचे. १८८७ साली त्याच्या पणजोबांचे आईवडील चार मुलांना घेऊन अमेरिकेला निघाले. तेव्हाची वाट अशी होती, की बोटीने हल बंदर, तिथून आगगाडीने इंग्लंड ओलांडून लिव्हरपूल आणि पुढे मोठं जहाज. गाडीत सहा वर्षांच्या नील्सला ताप भरला. मँचेस्टरच्या अलीकडे एका स्टेशनवर त्याला उतरवून इस्पितळात नेलं. बाकीचे पुढे गेले, जहाज चुकलं असतं म्हणून. नील्स वाचला, अनाथांच्या वर्कहाउसमध्ये वाढला, कोळशाची गाडी हाकू लागला. त्याला न्यायला कुणी आलं नाही.

ब्रेक्के मंडळी ही गोष्ट नाताळात हसत हसत सांगायची. "आम्ही म्हणजे स्टेशनावर राहिलेलं सामान." केनही सांगायचा. चार वर्षांपूर्वी त्याची फुप्फुसं निकामी होऊ लागली, नाकात ऑक्सिजनची नळी आली आणि तो हसेनासा झाला. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की पोर हरवलं की टाकलं. 

"हरवलं असेल," त्याने बायकोला सांगितलं, "तर माझी राख त्यांच्या शेजारी नेऊन ठेव. एक ब्रेक्के उशिरा का होईना, पोचेल. टाकलं असेल तर इथेच कुठेतरी. मला ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या दारात जायचं नाही."

शोध उल्काताईंनी घेतला. पहिलं वर्ष वाया गेलं. मिरजकर सांगलीत गेला तरी मिरजकरच राहतो, या हिशोबाने त्या सगळीकडे ब्रेक्के शोधत बसल्या. ब्रेक्के हे शेताचं नाव. शेत सोडलं की नावही सुटायचं. हे कळल्यावर मिनेसोटातल्या एका खेड्यात ते कुटुंब दुसऱ्याच नावाने सापडलं. आईवडील तेच, तीन मुलं तीच. अमेरिकेत पोचल्यावर दीड वर्षाने आणखी एक मुलगा झाला होता. त्याचंही नाव नील्स.

गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायची त्या लोकांत रीत होती, हे उल्काताईंनी वाचलेलं होतं. पण पहिला नील्स तर जिवंत होता. आईबापांना स्टेशन माहीत होतं, इस्पितळ माहीत होतं. त्यांचं एकही पत्र, एकही चौकशी इथे सापडली नव्हती.

मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली बाई. तिथे पोराला सांगता येत नाही आणि आईबाप खरं सांगतीलच असं नसतं, लक्षणांवरून ठरवावं लागतं. त्यांनी ठरवलं.

दुपारची वेळ होती. मुलगी तनया मेडनहेडहून आलेली होती. उल्काताईंनी केनसमोर खुर्ची ओढली.

"त्यांनी त्याच्या नावानं आंघोळ केली, केन."

"तुझ्या अप्पांसारखी?"

"तशीच. जिवंत पोराला मेलं म्हणून टाकलं आणि नाव दुसऱ्याला दिलं."

"आई, तू शुअर आहेस?" तनयाने विचारलं. "म्हणजे, दुसरा काही रीझन पण असेल ना?"

"काय असणार? मला ठाऊक आहे हे कसं असतं."

केनने नाकातली नळी नीट केली. मग म्हणाला, "ठीक. गुलाब बरे दिसतात तिथे." नंतर त्याने कपाटावरचा नॉर्वेचा छोटा झेंडा काढायला सांगितला. तनयाने तो ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढच्या फेब्रुवारीत केन गेला आणि मार्चमध्ये राख वाफ्यात मिसळली.

जूनमध्ये मिनेसोटाहून कॅरल नावाच्या बाईचा निरोप आला. ती दुसऱ्या नील्सची नात. उल्काताईंनी वंशावळीच्या एका संकेतस्थळावर टाकलेला मजकूर तिने उशिरा पाहिला. मधले काही महिने ती स्वतःच आजारी होती. व्हिडिओ कॉलवर तिने आधी विचारलं, "तुमच्या नवऱ्याचे पणजोबा जगले कसे? आमचा नील्स तर इंग्लंडमध्ये वारला."

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी लिव्हरपूलला आईबापांना तार मिळाली होती, की मूल गेलं, पुरलं. बापाने परत जाऊ म्हटलं. तिकिटं परत होत नव्हती आणि पुरलेल्या पोरासाठी तिघांना उपाशी ठेवणं आईला पटलं नाही. मरेपर्यंत तिने नाताळच्या जेवणाला एक ताट जास्त मांडलं. कॅरलच्या घरी ते अजून मांडतात. चर्चच्या आवारात आईच्या कबरीच्या डाव्या हाताची जागा मोकळी ठेवलेली आहे. दगडावर नील्सचं नाव आहे, खाली कुणी नाही.

उल्काताईंनी त्या स्टेशनाजवळच्या दफनभूमीत चौकशी केली. त्या आठवड्यात नील्सच्या नावाने एक मूल पुरलेलं होतं. त्याच गाडीतून आणखी एक आजारी पोर उतरवलं होतं, बहुधा स्वीडिश. दोघांत कुणीतरी गफलत केली. जगलेला पोरगा आपलं नाव सांगत राहिला असणार, पण ऐकणाऱ्यांना त्याची भाषा येत नव्हती. त्याला थोडं इंग्रजी येऊन नाव नीट सांगता येईपर्यंत जहाज अमेरिकेला पोचलं होतं आणि तिथला पत्ता कुणाकडे नव्हता.

उल्काताईंनी तनयाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या टेलिग्रामचं आधी कळलं असतं तर डॅड तिकडे असता."

"हो."

"मी तुला विचारलं होतं, आई."

"हो. विचारलं होतंस."

त्याच आठवड्यात उल्काताईंनी मिरजेला फोन लावला. उदय आता शहात्तरचा आहे, कानाने कमी ऐकतो.

"दादा, अप्पांनी माझ्या नावानं आंघोळ केली, ती तू पाहिलीस?"

"आता कशाला ते?"

"पाहिलीस का?"

"मी पुण्यात होतो तेव्हा. काकू म्हणाली."

"काकूने पाहिली?"

"काकू गेली. आता कुणाला विचारू?" मग तो म्हणाला, "अप्पांचा राग होताच, उल्का. पण तू तरी कधी आलीस?"

कॅरलने परवा पुन्हा विचारलं. मोकळ्या जागेचं काय करायचं? चर्चला ती दुसऱ्या कुणाला द्यायची आहे. काही पाठवणार असाल तर ते थांबतील, निदान शरद ऋतूपर्यंत. उल्काताईंनी उत्तर दिलेलं नाही. पाठवण्यासारखं त्यांच्याकडे फक्त ड्रॉवरमधला झेंडा आहे.